‘बाई जुने’ नावाचं फोल्डर

अंधांसाठीच्या त्या बोलक्या वाचनालयात तिला सगळे मशीनताई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. वाचनालयातली सगळी पुस्तकं आवाजात, आवाज सगळे मशीनवर आणि मशीनं तिच्या ताब्यात, एवढ्यावरून हे नाव पडलं. फक्त तिचा मोठा भाऊ तिला चिमे म्हणायचा. तोही तिथेच कामाला होता.

दादाची नजर लहानपणीच्या तापात गेली. आई घरातली कामं आटोपून त्याला वाचून दाखवायला बसायची, पण दिवसभर राबलेली बाई ती, चार पानांत तिचा डोळा लागायचा. मग कोणीतरी या वाचनालयाच्या कॅसेट आणून दिल्या आणि बाईंचा आवाज घरात आला. बाई म्हणजे शाळेत धाकट्या वर्गांना शिकवणाऱ्या एक शिक्षिका. शाळा सुटली की त्या वाचनालयात यायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या जाड पडद्यांच्या खोलीत बसून पुस्तकं वाचायच्या. फुकट. त्या आवाजात नाटकीपणा अजिबात नव्हता. पुस्तकातला माणूस रडत असला तरी बाई रडायच्या नाहीत, वाचायच्या. दादा म्हणायचा, “बाकीचे वाचतात तेव्हा मला वाचणारा दिसतो. बाई वाचतात तेव्हा पुस्तक दिसतं.” चिमीनं गृहपाठ केला तो याच आवाजाच्या साथीनं. आई गेली तेव्हा घरात सुतक पाळायचं म्हणून आठवडाभर टेपरेकॉर्डर बंद होता. ते दोघांना आई नसण्याइतकंच जड गेलं, पण तसं कोणी बोललं नाही.

मोठेपणी दादा त्याच वाचनालयात तपासनीस झाला. ब्रेलच्या प्रतीवर बोटं आणि आवाजावर कान ठेवून तो नव्या ध्वनिमुद्रणातल्या चुका काढायचा. कुठे ओळ सुटली, कुठे पान उलटल्याचा आवाज आला, कुठे खाकरणं आलं. त्याच्या कानातून काही सुटायचं नाही. मशीनताईही पाठोपाठ तिथे चिकटली. दोघांनीही लग्न केलं नाही. सकाळी एकत्र निघायचं, संध्याकाळी एकत्र परतायचं, वाटेत एकमेकांवर खेकसायचं. लोकांना वाटायचं यांचं पटत नाही.

कॅसेटवरच्या सगळ्या आवाजांची मशीनवर फोल्डरं करायचं काम तिनं एकटीनं केलं, त्यात तिची उमेदीची वर्षं गेली. प्रत्येक वाचकाच्या नावाचं एक फोल्डर. बाईंच्या फोल्डरचं नाव नुसतं ‘बाई’. दुसऱ्या कोणाला तिथे बाई म्हणायचा प्रश्नच नव्हता. कॅसेटना बुरशी धरली होती. मशीनवर आवाज चढला की ती कॅसेट भंगारात जायची. सगळ्या फोल्डरांची दुसरी प्रत शेजारच्या खोलीतल्या मशीनवर. “दोन ठिकाणी आहे, आणखी काय पाहिजे?” असं तीच म्हणायची.

मग बाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बाई वाचल्या, आवाज वाचला नाही. गळ्याला स्कार्फ बांधून त्या एकदा वाचनालयात येऊन गेल्या. पाटीवर लिहून लिहून बोलत होत्या. जाताना मशीनताईच्या टेबलापाशी थांबल्या आणि लिहिलं, ‘मी माझं वाचन कधी ऐकलं नाही. लाज वाटायची. आता ऐकावंसं वाटतं. कॉपी देशील?’

“देते की बाई! त्यात काय विचारायचं?” मशीनताई म्हणाली. “तेवढं नव्या मशीनवर सामान हलवून होऊ दे. मग सगळी पुस्तकं एकदमच देते.”

बाईंनी मान डोलावली. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती.

जे घडलं ते कळायला तिच्या कामाची रीत थोडी सांगायला हवी. तिच्या मशीनवर चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. ती ओळ ज्याच्या हातात पडते त्या प्रोग्रामला शेल म्हणतात. पुसण्याचं, हलवण्याचं, कॉपी करण्याचं काम करणारे प्रोग्राम निराळे असतात. शेल तुमची ओळ घेतो, मोकळी जागा दिसेल तिथे तिचे तुकडे करतो आणि ते तुकडे कामाच्या प्रोग्रामकडे सोपवतो. तुम्ही ओळीत तारा, ही * खूण, टाकलात, म्हणजे ‘ज्यांच्या शेवटी जुने आहे ती सगळी’ असं सांगितलंत, तर शेल आधी स्वतः तशी नावं शोधतो आणि ताऱ्याच्या जागी ती नावं मांडतो. पुसणाऱ्याला तारा दिसत नाही, तुमच्या मनातलं तर नाहीच नाही. त्याला मिळतात फक्त नावं. जेवढी नावं हातात येतील तेवढी तो पुसतो. नावातच मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत बांधून द्यावं लागतं, नाहीतर शेल एकाची दोन नावं करतो.

हे मशीनताईला ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की फोल्डरच्या नावात जागा सोडायची नाही, खाली रेघ मारायची. फेकून द्यायच्या मुद्रणांची फोल्डरं ‘प्राध्यापक_जुने’ अशा नावानं ठेवायची. आणि ती साफ करायला तिनं चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. शेवटी ‘जुने’ असलेलं एकेक नाव उचलायचं, पुसणाऱ्याला द्यायचं, सगळं झालं की दुसऱ्या मशीनवरची प्रत पहिल्या मशीनसारखी करून टाकायची. पुसणारा मधेमधे ‘हे सापडत नाही’, ‘ते खरंच पुसू का’ अशी कुरकुर करायचा. त्याला तिनं एक खूण जोडून दिली होती, की विचारू नकोस, बोलू नकोस, पूस. अवतरणचिन्हं घातली नव्हती. कधी गरजच पडली नव्हती. स्क्रिप्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती.

बाईंचं ऑपरेशन झाल्यावर नव्या व्यवस्थापक साहेबांनी आवराआवर काढली. इकडच्या तिकडच्या मशीनवर बाईंची अर्धवट मुद्रणं पडली होती. चुकलेली वाक्यं, खोकल्यामुळे थांबलेली पानं. साहेबांनी ती सगळी एका जागी गोळा केली आणि माउसनं एक फोल्डर केलं. नाव दिलं ‘बाई जुने’. मधे जागा सोडून, माणूस लिहितो तसं.

“ताई, बाईंचा कचरा एका फोल्डरमध्ये घातलाय,” त्यांनी जाता जाता सांगितलं. “तुमच्या पद्धतीनंच नाव दिलंय, शेवटी जुने. पुढच्या साफसफाईत जाईल.”

“बरं झालं,” ती म्हणाली. बघायला उठली नाही. हातात नव्या मशीनची वायर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्क्रिप्ट चालवली आणि चहा घ्यायला खाली गेली. वर आली तेव्हा पडद्यावर काहीही नव्हतं, म्हणजे सगळं सुरळीत. मग जागा मोकळी झाली म्हणून तिनं दोन्ही मशीनवर नवी मुद्रणं चढवायला घेतली. तो आठवडा त्यातच गेला.

आठवडा संपता संपता दुपारी दादानं त्याच्या टेबलावरून हाक मारली. “चिमे, बाईंचं काही लागत नाहीये बघ. एका वाचकाला प्रवासवर्णन हवंय.”

“नीट टाइप कर.”

“तू मला टाइप करायला शिकव आता,” दादा म्हणाला. “बोलणारं मशीन सांगतंय, असं फोल्डरच नाही.”

ती कुरकुरत उठली आणि आपल्या पडद्यावर नावांची यादी काढली. ब वर तिची नजर गेली. तिथे ‘बाई जुने’ होतं. ‘बाई’ नव्हतं. तिनं पुन्हा यादी काढली. शेजारच्या खोलीत धावत गेली, दुसऱ्या मशीनवर पाहिलं. तिथेही ‘बाई जुने’, आणि बाई नाहीत. ती तिथेच वायरींच्या गुंडाळ्यावर बसली, आणि बसल्या बसल्या काय झालं असेल ते तिला लख्ख दिसलं.

“काय झालं?” दादा भिंतीला हात लावत दारापर्यंत आला होता. तिचा श्वासच त्यानं ऐकला असणार.

“बाई गेल्या,” ती म्हणाली.

दादाला वाटलं, बाई वारल्या. त्यानं दाराची चौकट धरली. “कधी? कोणाचा फोन आला?”

“तसं नाही रे. त्यांची पुस्तकं. मी पुसली.”

मग तिनं त्याला सांगितलं. अडखळत, पण न चुकता सांगितलं, कारण तेवढंच तिला जमत होतं. “ताऱ्यानं नाव बरोबर उचललं होतं, दादा, पूर्ण. ‘बाई जुने’ असं एकच नाव. पण पुसणाऱ्याला देताना मी अवतरणचिन्हं घातली नव्हती. शेलनं जागा बघून त्याचे दोन तुकडे केले. पुसणाऱ्याच्या हातात दोन नावं गेली. एक बाई, एक जुने. बाई नावाचं फोल्डर होतं, ते त्यानं पुसलं. जुने नावाचं कुठे काही नव्हतंच. त्यावर तो ओरडला असता, मला कळलं असतं, पण मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.”

“आणि जे पुसायचं होतं ते?”

“ते आहे. त्याला धक्कासुद्धा लागला नाही.”

“दुसरीकडे कुठे असेल ना?” दादानं विचारलं. “नाही,” ती म्हणाली. तेव्हा तो वळला आणि भिंतीला हात न लावता चालत निघाला. वाटेतल्या खुर्चीवर आपटला. इतक्या वर्षांत त्या इमारतीत तो कधी कशावर आपटला नव्हता.

मशीनची डिस्क घेऊन ती दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो भला माणूस होता, त्यानं तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. “पुसल्यावर लगेच बंद केली असती तर बघता आलं असतं,” तो म्हणाला. “तुम्ही त्यावर आठवडाभर नवं लिहिलंय. आतमध्ये जे आहे ते असं आहे.” त्यानं तिला एक तुकडा ऐकवला. बाईंच्या आवाजाचं एक अक्षर आणि पुढे नुसती खरखर. तिनं त्याला थांबवायला सांगितलं.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. “ताई, मी सगळ्यांना तांत्रिक बिघाड असं कळवतोय. तुमचं नाव कुठे येणार नाही.”

“बिघाड नव्हता, साहेब. मशीनला जे सांगितलं तेच त्यानं केलं. चूक माझी आहे, तसं लिहा.”

“त्यानं काय साधणार?” साहेब म्हणाले. मग खाली बघत, “नावात जागा सोडली ती मी. हे पण लिहू का?”

नावात जागा सोडणं हा काही गुन्हा नव्हता. ती तसं म्हणाली. तो विषय तिथेच मिटला आणि पत्रात तांत्रिक बिघाड हेच गेलं.

वाचकांना निरोप धाडले, की कोणाच्या मेमरी कार्डावर बाईंचं पुस्तक राहिलं असेल तर कळवा. पण वाचनालयाची रीतच अशी की पुस्तक ऐकून झालं की कार्ड परत यायचं आणि त्यावर दुसरं पुस्तक चढायचं. ही रीतही तिनंच घालून दिलेली. फोन आले ते हळहळणाऱ्यांचे. कार्ड असल्याचं फक्त एकानं कळवलं, एका म्हाताऱ्या शिंप्यानं. नजर गेल्यावर त्यानं दुकान मुलाला दिलं होतं आणि मागच्या खोलीत दिवसभर ऐकत बसायचा.

दोघं भावंडं त्याच्याकडे गेली. शिंपीबाबांनी कार्ड मुठीत धरलं होतं.

“तुम्हाला ऐकवतो,” ते म्हणाले. “हातात नाही द्यायचो.”

“बाबा, कॉपी करून लगेच परत देते,” मशीनताई म्हणाली.

“तुमच्याकडे होतं ना सगळं? मग?” म्हातारा म्हणाला. “माझ्याकडे एवढं एकच आहे. ते तुमच्या मशीनमध्ये घालू आणि तेही घालवून बसू?”

दादा मधे पडला. “बाबा, पुस्तक कुठलं आहे ते तरी सांगा.”

“मधमाशा पाळण्याचं.”

“तुम्ही मधमाशा पाळता?”

“मी कशाला पाळतोय? बाई वाचतात ना, म्हणून ऐकतो.”

शेवटी म्हाताऱ्याच्या मुलानं त्याची समजूत घातली आणि कॉपी झाली ती त्याच खोलीत, म्हाताऱ्याचा हात तिच्या मनगटावर असताना, आणि तीही फक्त बाईंसाठी, वाचनालयाच्या मशीनवर चढवायची नाही या अटीवर. बाईंनी वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, दादानं लहानपणी पाठ केलेल्या गोष्टी गेल्या. उरलं ते मधमाशांच्या पेट्या कुठल्या दिशेला तोंड करून ठेवाव्यात ते. परतताना दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला आणि हसता हसता रस्त्यातच रडायला लागला. तिनं त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही, पण घरी पोचेपर्यंत तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

बाईंना सांगायचं होतं. साहेब म्हणाले मी येतो, दादा म्हणाला मी येतो. ती एकटी गेली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. आणखी वाळल्या होत्या. त्यांची मुलगी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मशीनताईनं उभ्या उभ्याच सांगितलं. बाईंनी पाटी घेतली. लिहिलं, ‘कुठलं पुस्तक?’

“सगळी, बाई.”

बाईंनी ते पुसलं. पाटी मांडीवर तशीच कोरी राहिली. मग लिहिलं, ‘दादाला सांगितलंस?’

“हो.”

‘काय म्हणाला?’

“काही नाही म्हणाला.”

मुलगी दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं अर्धंमुर्धं ऐकलं असावं. “काय झालं? आई, काय झालं?” बाईंनी तिला हातानं थांबवलं. मशीनताई वाट बघत होती की बाई रागावतील, पाटी फेकतील, निदान तिच्याकडे पाठ फिरवतील. वर्गातल्या पोरासारखी ती समोर उभी होती. बाईंनी खूप सावकाश लिहिलं आणि पाटी तिच्याकडे वळवली.

‘म्हणजे कॉपीचं राहिलंच.’

तिला तिथे रडता आलं नाही. बाईंनी पाटी उलटी करून ठेवली आणि बाहेर बघू लागल्या. मुलगी तिला दारापर्यंत सोडायला आली. चपला घालताना मशीनताई म्हणाली, “एक फोल्डर आहे. चुकलेली वाक्यं आहेत, खोकला आहे. पण आवाज बाईंचाच आहे. तुम्हाला हवं असेल तर...”

“आणून द्या,” मुलगी म्हणाली. “आईला नका सांगू.”

तिनं आणून दिलं, मधमाशांच्या पुस्तकासकट. आठ-दहा दिवसांनी मुलीचा फोन आला. “मी ऐकलं थोडं. ती सारखी थांबते, चुकलं म्हणते, परत घेऊ म्हणते. मला नाही हो ऐकवत.” मधमाशांचं पुस्तक त्यांनी बाईंना ऐकवलं का, हे विचारायचं धाडस मशीनताईला झालं नाही.

बाई पुढच्या हिवाळ्यात वारल्या. वाचनालयात शोकसभा झाली. एक वाचक उठून म्हणाला की भाषणं पुरे, बाईंचंच काहीतरी लावा. साहेबांनी मशीनताईकडे पाहिलं, मग सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि सभा संपवली.

स्क्रिप्टमध्ये तिनं आता अवतरणचिन्हं घातली होती. विचारू नकोस ही खूण काढून टाकली होती. प्रत्येक नाव पुसण्याआधी मशीन विचारायचं आणि ती हो म्हणायला बोट उचलायची आणि बोट खाली जायचं नाही. साधी ओळ टाइप करायला तिला दुपार लागायची. एकदा साहेबांनी तिला पडद्यासमोर तशीच बसलेली पाहिलं. त्यानंतर तिनं स्वतःहून मशीनचं काम सोडलं. ते आता बाहेरचा एक माणूस येऊन करतो. बाईंच्या जागी संगणकानं बनवलेला आवाज आला आहे. तो कधी चुकत नाही, खोकत नाही. दादानं महिनाभर तो तपासला आणि मग ब्रेलच्या छपाईकडे बदली मागून घेतली. तिथे कोणी मोठ्यानं वाचत नाही. घरी दोघं जेवतात, भांडी घासतात, झोपतात. रेडिओ लावत नाहीत. दादा तिला चिमे म्हणतो, पण हाक मारत नाही. समोर असली तरच बोलतो.

ती आता खालच्या काउंटरवर बसते, वाचकांना कार्डं देते. परवा एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. आईची नजर नुकतीच गेली होती. म्हातारी काउंटरवर हात टेकून म्हणाली, “आमच्या शेजारी एक मुलगा होता, आंधळा. त्याच्याकडे एका बाईंच्या कॅसेट लागायच्या. मी कपडे वाळत घालताना ऐकायचे. त्या बाईंचं काही आहे?”

“नाही उरलं आजी.”

“का हो?”

“पुसलं गेलं.”

“सगळं?” मुलगी म्हणाली. “असा कसा हलगर्जीपणा? कोणी केलं?”

“इथल्याच एकीनं.”

“आणि काढलं नाही तिला?”

“नाही.”

“कमाल आहे,” मुलगी म्हणाली. म्हातारी हात तसाच काउंटरवर ठेवून उभी राहिली. मशीनताईनं तिला दुसरं एक कार्ड दिलं, मशीनच्या आवाजातलं, आणि ते कसं घालायचं ते बोट धरून दाखवलं.